तळटीप : बोल्टाची रायफल

१. नळीमागचा दांडा हाताने मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे सारला की नवे भरते. जर्मन माउझरच्या १८९८ च्या रचनेवर लंडनच्या रिग्बीसारख्या कारागिरांनी ग्राहकाच्या मापाबरहुकूम शिकारी रायफली बांधल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळालेली .२७५ रिग्बी याच घराण्यातली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा तो काळ मिटवला, आणि ते योग्यच झाले. २०१९ पासून परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. ज्या वाचकांकडे वडिलोपार्जित रायफल असेल त्यांनी परवाना वेळेत आपल्या नावे करावा, पावसाळ्यात नळीला तेल द्यावे आणि अक्रोडी दस्ता घासून नवा करू नये.