जंत मेला, पण पायाचं काय?

"पीएचडी कशावर करतेयस?" "हत्तीरोगाच्या उपचारांच्या इतिहासावर." यानंतरचा प्रश्न ठरलेला: "पण त्यावर उपचार असतात कुठे?"

तुम्हालाही असंच वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. कारण हा समज फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत या रोगाला श्लीपद म्हटलंय. जिथे जुनं पाणी साचून राहतं, त्या प्रदेशात तो जास्त आढळतो, हे निरीक्षणही तिथे आहे. उपचारही दिलेत. पण वर्ष उलटलेलं, फार वाढलेलं किंवा वारुळासारखं झालेलं श्लीपद मात्र वैद्याने सोडून द्यावं, असं सांगितलंय.

आता थेट एकोणिसाव्या शतकात येऊ. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी दिसले. १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ते डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. १९४७ च्या सुमारास डीईसी हे औषध आलं. १९५५ मध्ये भारताचा हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सगळा रोख जंतावर आणि डासावर! नव्या लोकांना रोग होऊ नये यासाठी ते गरजेचंच होतं. पण आधीच सुजलेला पाय डीईसीने पूर्ववत होत नाही. म्हणजे गंमत बघा, जंत सापडला तरी जुना पाय पुन्हा वाऱ्यावरच राहिला.

चित्र पालटलं ते १९९० च्या दशकात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरूझा ड्रेयर आणि त्यांचे सहकारी रुग्णांना वारंवार येणाऱ्या तापाचा आणि ठणक्याचा अभ्यास करत होते. हे झटके जंतामुळे येतात, असं बरेच जण धरून चालले होते. या मंडळींनी बोटांच्या बेचक्या नीट तपासल्या. तिथल्या चिरांमधून जिवाणू आत शिरत होते. जंतामुळे लसीकावाहिन्या आधीच निकामी झालेल्या, त्यामुळे संसर्ग पटकन बळावतो. प्रत्येक झटक्यानंतर कातडी आणखी जाड होते आणि सूज वाढते.

मग उपाय काय? पाय रोज साबण-पाण्याने धुवायचा, बेचक्या कोरड्या करायच्या, चिरांना मलम लावायचं. बसताना पाय उंच ठेवायचा, घोटा हलवत राहायचा, चप्पल घालायची. याने झटके कमी होतात आणि सूज वाढायची थांबते. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हत्तीरोगाविरुद्ध मोहीम सुरू केली, तेव्हा रोगाचा प्रसार थांबवण्याच्या जोडीला रुग्णांचा त्रास कमी करणं हेही उद्दिष्ट ठेवलं.

विदर्भात हा रोग आजही आहे. तुमच्या गावात असा पाय घेऊन ओट्यावर बसलेली एखादी आजी असेल. "आता काही होत नाही" हे तिने आयुष्यभर ऐकलेलं असतं. तिला आरोग्य केंद्रात घेऊन जा, आणि घरी पाय धुवायला बादलीभर पाणी, साबण आणि कोरडं फडकं द्या. हाही उपचारच आहे.