आश्रितांचा सामाईक निर्वाह व प्राप्तिकर

एकाच व्यक्तीच्या चरितार्थाचा भार अनेक नातलग मिळून वाहत असतील, तर त्यापोटीची करसवलत कोणाला मिळावी, यासंबंधीचा प्राप्तिकर कायद्यातील प्रश्न. भारतात प्रारंभी तो फारसा उद्‌भवला नाही. कारण १८८६ च्या कायद्याने अविभक्त हिंदू कुटुंबालाच करदाती ‘व्यक्ती’ मानले होते. कुटुंबाच्या सामाईक उत्पन्नातून वृद्ध, विधवा व अपंग यांचे पोषण होई आणि कुटुंबाचा घटक म्हणून मिळालेल्या रकमेवर १९२२ च्या अधिनियमानुसार त्या घटकास कर द्यावा लागत नसे. नोकरीचा पगार मात्र सामान्यतः कमावणाऱ्याचे वैयक्तिक उत्पन्न ठरतो. त्यामुळे पगारदार वर्ग वाढला, तशी या व्यवस्थेची उपयुक्तता घटली.

जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगानंतर (१९५३-५४) कौटुंबिक जबाबदारीचा वेगळा विचार झाला. १९५५ मध्ये करमुक्त पहिला टप्पा विवाहितांसाठी २,००० रु. व अविवाहितांसाठी १,००० रु. ठरला. १९५७ मध्ये दोन मुलांपर्यंत प्रत्येकी ३०० रु. सवलत आली. त्याच वर्षी नागपूर येथे प्राप्तिकर अधिकाऱ्यांची प्रशिक्षणसंस्था स्थापन झाली. तीच आजची राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी होय. १९७० मध्ये सर्व व्यक्तींसाठी ५,००० रु. ही एकच मर्यादा ठरवून हे भेद काढून टाकण्यात आले.

आश्रिताची कल्पना पुढे विशिष्ट वजावटींपुरती उरली. १९६१ च्या अधिनियमातील कलम ८०-डीडी अन्वये अपंग आश्रितासाठी ७५,००० रु. व तीव्र अपंगत्वासाठी १,२५,००० रु. वजावट २०१५ मध्ये ठरविण्यात आली. आश्रित करदात्यावर ‘पूर्णतः वा मुख्यतः’ अवलंबून असावा, ही तिची अट. उदा., नागपुरातील अपंग भावाचा खर्च तिघे भाऊबहीण समप्रमाणात करीत असतील, तर तो मुख्यतः कोणावर अवलंबून आहे, हे सांगता येत नाही. वजावटीच्या विभागणीचा नियमही या कलमात नाही. २०२० च्या पर्यायी करप्रणालीत तर ही वजावटच नाही.

इतरत्र यावर दोन उपाय योजले गेले. ब्रिटनमध्ये आश्रित नातलगासाठीची सवलत ती १९८८ मध्ये रद्द होईपर्यंत खर्चाच्या प्रमाणात वाटली जाई. अमेरिकेच्या १९५४ च्या करसंहितेने नातलगांना आपसांत करार करण्याची मुभा दिली. सर्वांनी मिळून निम्म्याहून अधिक खर्च केलेला असल्यास, दहा टक्क्यांहून अधिक वाटा उचलणारा कोणीही एकजण इतरांच्या लेखी संमतीने सवलत घेऊ शकतो.

भारतीय निर्वाहविषयक कायद्याने मात्र सामाईक जबाबदारी मान्य केली आहे. महाराष्ट्रातील विजया अरबट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विवाहित कन्येवरही पित्याच्या निर्वाहाचे दायित्व ठेवले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक अधिनियमानुसार ज्याच्यावर दावा होतो, त्या अपत्यास इतर जबाबदार व्यक्तींनाही त्यात सामील करून घेता येते. कर्तव्य असे अनेकांवर वाटले जाते; कलम ८०-डीडी मात्र एकच पोशिंदा गृहीत धरते.