महाराष्ट्रातील आनुवंशिक समुपदेशन : कायदा आणि कुटुंब (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना :
आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबास आजाराचे स्वरूप, पुढील अपत्यास असणारा धोका व उपलब्ध पर्याय समजावून सांगणे म्हणजे आनुवंशिक समुपदेशन होय. ही संज्ञा अमेरिकन शास्त्रज्ञ शेल्डन रीड यांनी १९४७ साली वापरात आणली. महाराष्ट्रात तिला कायदेशीर स्थान मिळाले ते मात्र स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या लढ्यातून. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :
गर्भजल परीक्षेचा मूळ हेतू गर्भातील दोष ओळखणे हा होता. परंतु तिचा वापर मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला. स्त्री संघटनांच्या चळवळीमुळे १९८८ साली महाराष्ट्राने याविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्रीय कायदा संमत झाला व तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्याने आनुवंशिक समुपदेशन केंद्रांची नोंदणी बंधनकारक केली. गुणसूत्रदोष, हिमोग्लोबिनचे विकार, लिंगसंलग्न आजार इत्यादींसाठी तपासणीस मुभा ठेवून, स्त्रीस समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घेणे आवश्यक ठरविले. तथापि, राज्यातील ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. साहजिकच सोनोग्राफी केंद्रांवरील नियंत्रणास प्राधान्य मिळाले आणि समुपदेशनाचा मूळ आशय मागे पडला.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात :
१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा मराठवाड्यात मोडतो. येथील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढीमान्य आहे. आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे दोघेही एकाच आजाराचे वाहक असण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे वाहक सहसा निरोगी दिसतात; मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के व ते केवळ वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. आजारी अपत्याचा दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. अशा आजारात जनुक दोन्ही बाजूंनी येते, हे समुपदेशनातून स्पष्ट होते. विवाहापूर्वी रक्ततपासणी केल्यास ही माहिती वेळीच मिळते.

निष्कर्ष :
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांना दिव्यांगत्वात स्थान दिले. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. परंतु तपासणीचा कागद हाती देणे म्हणजे समुपदेशन नव्हे. निर्णय कुटुंबाचाच असावा. तो भीतीपोटी वा दोषारोपातून न होता माहितीच्या आधारे व्हावा, यातच समुपदेशनाचे मूल्य आहे.