वारशाची बंदूक आणि तिचें मोल

वाडवडिलांच्या पेटींतून अथवा माळ्यावरून जुनी लष्करी बंदूक हातीं लागली, कीं वारसाच्या मनांत पहिला विचार येतो तो तिच्या किंमतीचा, आणि दुसरा ती घांसूनपुसून लख्ख करण्याचा. दुसऱ्या विचारापायीं पहिल्याचा केवढा घात होतो, हें स्नायडर बंदुकीच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

इ. स. १८५३ मध्यें इंग्रज सरकारनें एनफील्ड नांवाची ठासणीची रायफल लष्करासाठीं मुक्रर केली. नळी ३९ इंच लांब, तिचा व्यास ०.५७७ इंच, आंत तीन आटे, आणि नळी कुंद्याशीं जखडून ठेवणाऱ्या तीन कड्या. १८५७ सालीं जिच्या काडतुसांच्या चरबीवरून वणवा पेटला ती हीच. पुढें दहा वर्षें होतात न होतात तोंच मागून भरावयाच्या बंदुकांचे दिवस आले. एवढ्या एनफील्ड मोडींत काढणें सरकारास परवडणारें नव्हतें. तेव्हां जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाची युक्ति १८६६ त पत्करण्यांत आली. नळीच्या मागील टोकाचा सुमारें अडीच इंचांचा तुकडा कापावयाचा व तेथें उजवीकडे बिजागरीवर उघडणारा ठोकळा बसवावयाचा. गजानें ठासून मिनिटास कसेबसे तीन बार काढणारा शिपाई आतां दहा बार काढूं लागला. बिचारा स्नायडर मात्र मोबदल्यासाठीं सरकारशीं झगडतां झगडतां त्याच वर्षीं वारला.

आतां ही बंदूक बदललेलीच नव्हे काय? होय, परंतु हा बदल सरकारी कारखान्यांतला. संग्राहकाच्या लेखीं तो बंदुकीच्या चरित्राचाच भाग असून त्यानें तिचें मोल उणावत नाहीं. घोड्याच्या पट्टीवर राजमुकुट व १८६६ च्या आधींचें साल आढळलें, म्हणून नवशिक्यानें तिला बनावट समजूं नये. जुनी पट्टी तशीच ठेवलेली असे. उलट पट्टीवर १८५६ साल दिसलें, म्हणून ती सत्तावन्नच्या लढाईंत गाजली अशी घरगुती कथा रचली जाते, तीहि टिकत नाहीं. बिजागरीचा ठोकळा स्वतःच सांगतो, कीं या रूपांत तिनें पहिला बार काढला तो दहा वर्षांनंतर. शिवाय सत्तावन्ननंतर हिंदी पलटणींना पुष्कळ काळ बिनआट्यांच्या नळ्यांवरच भागवावें लागलें. स्नायडर त्यांच्या वांट्यास आली, ती गोऱ्या शिपायांना मार्टिनी-हेन्री मिळूं लागल्यावर.

खरें नुकसान होतें तें खाजगी हातांनीं. कोणी शिकारीस सोयीची म्हणून नळी कापतो, कोणी पुढचें लांकूड करवतीनें उतरवितो, कोणी छर्रे उडविण्यासाठीं आंतले आटेच खरवडून टाकतो. तीन कड्यांची मूळ बंदूक सुमारें साडेचार फूट भरते. मात्र नुसत्या आखूडपणावरून निकाल देऊं नये. सार्जंटांची दोन कड्यांची रायफल आणि घोडेस्वारांची कारबाईनही सरकारनेंच आखूड केलेल्या होत्या. पाहावयाचें तें नळीचें टोक, माशीचा जोड आणि कडीच्या जागेवर बुजविलेली खोबण. कापलेले तुकडे घरांत कोठें पडून असतील, तर ते मात्र जपून ठेवावेत.

कांहीं स्नायडरांवर देवनागरी अंक आढळतात. ते पाहून मराठी माणसाचें मन पेशवाईकडे धांवतें. पण पेशवाई १८१८ तच बुडाली होती. ते अंक नेपाळचे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यांतील जुना साठा २००३ सालीं अमेरिकेंतील व्यापाऱ्यांना विकला गेला, आणि अशा बंदुका तेथील बाजारांत ढिगांनीं आल्या. दुर्मिळतेचा भाव तेवढा उतरला.

सर्वांत मोठा शत्रु म्हणजे पॉलिश-कागद. त्यानें गंजाबरोबर तपासनिसाच्या बारीक मुद्राहि जातात, आणि त्या पुन्हा कोरल्या तर ती लबाडी ठरते. सौम्य तेलाचा बोळा पुरे. अर्थात् त्याहूनहि आधीं बंदूक भरलेली नाहीं याची जाणत्याकडून खात्री करून परवान्याची विचारपूस करावी. मग कुंद्याच्या पितळी पाटीवरील पलटणीचें नांव वाचावें आणि पेटींतल्या जुन्या पेन्शनच्या कागदाशीं तें ताडून पाहावें.