द्यूतोपजीवी

देवलांचं 'संगीत मृच्छकटिक' माहीत नसलेला नाट्यवेडा गोंयकार विरळाच. पण चारुदत्त-वसंतसेनेच्या नादात शूद्रकाच्या मूळ नाटकातल्या संवाहकाकडे आपलं दुर्लक्ष होतं. हा अंग रगडून देणारा माणूस. चारुदत्ताकडे नोकरीला होता. मालक कफल्लक झाला, नोकरी गेली, मग हा 'द्यूतोपजीवी' झाला. शब्द मूळ नाटकातलाच, म्हणजे जुगारावर पोट भरणारा. दहा सुवर्ण हरला, अड्ड्याचा मालक माथुर मागे लागला आणि शेवटी वसंतसेनेने स्वतःचं कंकण देऊन त्याला सोडवलं. पुढे हा गडी भिक्षू झाला.

संवाहक आठवायला कारण घडलं. माझी एक मावसबहीण कोसाडला राहते. सुरतेहून उत्तरेला गाडी निघाली की तापी ओलांडून उत्राण आणि त्यापुढचं स्टेशन कोसाड. तिचा मुलगा एम्ब्रॉयडरी मशीनवर कामाला आहे. मोबाईलवर पोकर खेळायचा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाईन खेळ बंद झाले. आता म्हणतो, "मामा, काम सोडून गोव्यालाच येतो. तुमच्याकडे तर सगळं कायदेशीर आहे ना?"

त्याच्याकडे ते का नाही, याचं उत्तर इतिहासात आहे. सुरत मुंबई इलाख्यात होती, म्हणून तिथे 1887 चा जुगारबंदी कायदा आला. 1960 नंतर गुजरातने तोच पुढे चालवला. रमीत कौशल्य आहे असं सर्वोच्च न्यायालय 1967 मध्येच म्हणालं होतं, पण पोकरला ती सवलत द्यायला गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नकार दिला. आपण 1961 पर्यंत पोर्तुगिजांखाली. इथला कायदा 1976 चा, तोही खरं तर जुगार रोखणाराच! 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली, 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलं. गंमत बघा, 2020 पासून आम्हा गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे भाचा मांडवीतल्या जहाजावर खेळू शकतो, मामा काठावरून दिवे बघणार.

पण पोट भरेल का? पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोशी खेळत नाही, एकमेकांशी खेळता, म्हणून चांगला खेळाडू जिंकू शकतो, हे खरं. पण मांडव घालणारा आपला वाटा आधी काढतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असं आहे. शिवाय फाशांचं भाडं, पाण्याचे, जागेचे पैसे वेगळे. आजच्या टेबलावर याच वाट्याला 'रेक' म्हणतात. समजा, नऊ जण प्रत्येकी वीस हजार घेऊन बसले, तर टेबलावर 1,80,000 आले. तासाला सहा हजार रेक गेला तर दहा तासांत साठ हजार उडाले. नऊही जण सारखेच हुशार असले तर सगळेच हरले की! भाच्याला नुसतं इतरांपेक्षा बरं खेळून भागत नाही, हा तिसरा हिस्सा भरून निघेल इतकं बरं खेळावं लागतं.

त्यात चिप्स घेताना जीएसटी. ऑक्टोबर 2023 मध्ये 28 टक्के झाला, 22 सप्टेंबर 2025 पासून 40. आणि आयकर? जुगारातल्या जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के, वर उपकर. खर्च वजा होत नाही, हरलेली रकमही नाही. कायद्याचं अक्षर धरलं तर वर्षभरात दहा लाख जिंकून आठ लाख हरलेल्या माणसाच्या हाती दोन लाख राहतात आणि कर होतो तीन लाखांवर. संवाहकाच्या मागे निदान माथुर आणि एक जुगारी एवढेच होते.

याशिवाय खेळायचं भांडवल आणि घरखर्च वेगळे ठेवायचे. उत्तम खेळाडूचेही महिनेच्या महिने तोट्यात जातात, आणि भाडं, किराणा त्याच गल्ल्यातून निघू लागला की वाईट दिवस संपायच्या आत गल्लाच संपतो. महाभारतात युधिष्ठिर विराटाकडे कंक होऊन फाशांवर राहिला तो बरा राहिला. पण तो राजाच्या पदरी होता. जेवणखाण, निवारा दरबाराचा, आणि जिंकलेलं भावंडांत वाटायला वर उरायचं.

कोसाडच्या भाच्याला मशीनवरचा पगार दर महिन्याला मिळतो. गल्ल्याला त्याने बाजूला काढलेत चाळीस हजार. म्हणजे मघाच्या त्या टेबलावरच्या दोन बैठका, त्याही जीएसटी न धरता.