जाने भी दो यारो

'जाने भी दो यारो' (१९८३) हा मुंबईतले बिल्डर, महापालिका आणि वृत्तपत्र यांच्या साटेलोट्यावरचा हिंदी विनोदी चित्रपट. दिग्दर्शन कुंदन शाह यांचे, निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची. पटकथा कुंदन शाह व सुधीर मिश्रा यांनी, तर संवाद रणजीत कपूर व सतीश कौशिक यांनी लिहिले. छायाचित्रण बिनोद प्रधान, संकलन रेणू सलुजा आणि संगीत वनराज भाटिया यांचे. शाह, प्रधान आणि सलुजा हे तिघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. चित्रपटाला सुमारे सात लाख रुपये खर्च आला. त्या काळच्या हिशेबानेही ही रक्कम अगदी तुटपुंजी होती.

बातमीदारांच्या चढाओढीवरच्या विनोदी चित्रपटांची परंपरा मुळात अमेरिकेतली. बेन हेक्ट व चार्ल्स मॅकआर्थर यांच्या 'द फ्रंट पेज' (१९२८) या नाटकात शिकागोच्या फौजदारी न्यायालयातल्या पत्रकार कक्षात निरनिराळ्या दैनिकांचे बातमीदार एका फाशीच्या बातमीसाठी टपून बसलेले असतात. या नाटकावर लुईस माइलस्टोनने १९३१ मध्ये आणि हॉवर्ड हॉक्सने १९४० मध्ये चित्रपट केला. हॉक्सच्या 'हिज गर्ल फ्रायडे'त मुख्य बातमीदार स्त्री आहे आणि संपादक तिचा घटस्फोटित नवरा आहे. ही माणसे लबाड असतात, एकमेकांची बातमी पळवतात, पण अखेरीस भ्रष्ट महापौराचे पितळ उघडे पडते. कुंदन शाह यांनी हा दिलासा प्रेक्षकाला दिलेला नाही. त्यांच्या चित्रपटात खरी चढाओढ आहे ती तरनेजा आणि आहुजा या दोन बिल्डरांची, आणि वृत्तपत्र त्या बाजारातले तिसरे गिऱ्हाईक आहे.

विनोद (नसीरुद्दीन शाह) आणि सुधीर (रवी बासवानी) हे दोन सरळमार्गी छायाचित्रकार मुंबईत स्टुडिओ उघडतात. धंदा बसत नाही. 'खबरदार' या वृत्तपत्राची संपादक शोभा सेन त्यांना काम देते, ते म्हणजे तरनेजा (पंकज कपूर) आणि महापालिका आयुक्त डिमेलो (सतीश शाह) यांच्यातल्या व्यवहाराचे चोरून फोटो काढण्याचे. पुढे एका छायाचित्र स्पर्धेसाठी हे दोघे शहरभर फोटो टिपत हिंडतात आणि त्यांतला एक मोठा करून पाहताना त्यांना खून दिसतो. हा धागा अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप' (१९६६) या चित्रपटाची आठवण करून देतो. शाह यांनी ते ऋण मोकळेपणी मान्य केले असून खुनाच्या जागेला 'अँटोनिओनी पार्क' असेच नाव दिले आहे. खून डिमेलोचा झालेला असतो. त्याचे प्रेत सापडते, हरवते, पुन्हा सापडते. शवपेटी रस्त्यावरून घरंगळत जाते तेव्हा दारूच्या नशेतला आहुजा (ओम पुरी) तिला बंद पडलेली मोटार समजतो आणि आतल्या प्रेताला मदत देऊ करतो. शेवटी सगळी पात्रे पाठलाग करत द्रौपदी वस्त्रहरणाच्या नाट्यप्रयोगात घुसतात आणि द्रौपदीच्या वेषात प्रेत उभे राहते. हिंदी पडद्यावर इतका बेबंद आणि तरीही इतका काटेकोर बांधलेला प्रहसनाचा प्रवेश दुसरा सापडणे कठीण.

शोभा सेनची भूमिका भक्ती बर्वे यांनी केली. 'ती फुलराणी'तल्या मंजुळेमुळे त्या मराठी रंगभूमीवर घरोघरी पोहोचल्या होत्या आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्याही देत असत. बातम्यांमधून ओळखीचा झालेला तो विश्वासाचा चेहरा या चित्रपटात अत्यंत परिणामकारक ठरला. शोभा प्रथम निर्भीड संपादक वाटते. विनोद तिच्यावर भाळतो आणि तिच्या शब्दावर जीव धोक्यात घालतो. मग कळते, की हाती आलेल्या पुराव्याच्या बळावर ती तरनेजाकडूनच पैसे उकळू पाहते आहे. चित्रपटाचा सर्वात जिव्हारी लागणारा घाव हाच आहे. बिल्डर आणि आयुक्त वाईट निघणार हे प्रेक्षकाने गृहीतच धरलेले असते, संपादकाबद्दल मात्र तशी तयारी नसते.

चित्रपटाला त्या काळाची पार्श्वभूमी आहे. १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या कारकिर्दीतले सिमेंट वाटप आणि विश्वस्त संस्थांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उघड केला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुले पायउतार झाले. शोधपत्रकारितेवरचा लोकांचा विश्वास अशा रीतीने शिखरावर असताना शाह यांनी तिच्या दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवले. मराठीत हाच प्रदेश जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटाने गंभीर अंगाने हाताळला होता. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या त्या चित्रपटातला दिगू टिपणीस (निळू फुले) हा पत्रकार सारे काही पाहतो, पण काहीच थांबवू शकत नाही.

शेवटी डिमेलोच्या नावाने बांधलेला पूल कोसळतो, सगळे गुन्हेगार आपसात समेट करतात आणि दोष विनोद-सुधीरच्या माथी मारला जातो. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या प्रेक्षकाला हा भाग केवळ प्रहसन वाटणार नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्र्याच्या शीळ भागात अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण दगावले. त्या प्रकरणात बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली.

प्रदर्शनाच्या वेळी चित्रपट फारसा चालला नाही. त्याचा प्रेक्षक पुढे दूरदर्शनवरच्या प्रक्षेपणांतून वाढत गेला. पदार्पणातल्या दिग्दर्शनासाठी शाह यांना राष्ट्रीय पुरस्कारांतील इंदिरा गांधी पुरस्कार आणि बासवानी यांना विनोदी भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. जय अर्जुन सिंग यांनी २०१० मध्ये या चित्रपटावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि २०१२ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत चित्रपटगृहांत आली. शाह यांनी पुढे 'नुक्कड', 'वागले की दुनिया' या मालिका आणि 'कभी हां कभी ना' हा चित्रपट केला. २०१५ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील नेमणुकांवरून वाद पेटला, तेव्हा त्यांनी 'जाने भी दो यारो'साठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार निषेध म्हणून परत केला. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.