काचेवरचे चेहरे, जिवंत माणसे

मंडळाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष सुरू झाले आणि स्मरणिकेच्या कामासाठी कपाटातील जुन्या छायाचित्रांचे बाड आम्ही बाहेर काढले. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, हळदीकुंकू, वनभोजन, सारे त्यात होते; परंतु कित्येक चेहऱ्यांखाली नावच नव्हते. चेहरा उरावा आणि माणूस हरवावा, हे कसे, या विचारात असताना आम्हांस एका प्रवासी छायाचित्रकाराचे स्मरण झाले. माणसांचे चेहरे काळाच्या तोंडातून सोडवून आणण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्या एडवर्ड शेरिफ कर्टिस यांची कथा वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

कर्टिस यांचा जन्म १८६८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. शिक्षण बेताचेच. पुढे सिअ‍ॅटल शहरी त्यांचा स्टुडिओ नावारूपास आला आणि धनिक मंडळी तेथे आपली छबी काढवून घेऊ लागली. त्याच शहरात समुद्रकिनारी शिंपले वेचणारी किकिसोब्लू नावाची एक वृद्धा राहत असे. ज्या सरदाराच्या नावावरून शहराला नाव मिळाले, त्याचीच ही कन्या. गोरे लोक तिला ‘प्रिन्सेस अँजेलिन’ म्हणत. १८९५च्या सुमारास कर्टिस यांनी दर चित्रामागे एक डॉलर देऊन तिची छायाचित्रे घेतली. १८९६ साली ती वारली. बापाच्या नावाने शहर वाढत होते आणि लेक त्याच किनाऱ्यावर पोट भरत होती, हे ती चित्रे पाहताना विसरता येत नाही.

कोलंबसाच्या चुकीमुळे ज्यांना आपल्या देशाचे नाव चिकटले, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची अवस्था त्या काळी अशीच होती. १८८३ पासून सरकारने त्यांचे कित्येक धर्मविधी गुन्हा ठरविले होते. मुलांना वसतिशाळांत नेऊन मातृभाषा बोलण्यास मनाई केली जाई. १९०० सालच्या जनगणनेत अमेरिकेत त्यांची संख्या अवघी सुमारे २,३७,००० भरली. हे लोक आता एकदोन पिढ्यांचेच सोबती, असे भल्या भल्या विद्वानांस वाटे. त्याच वर्षी माँटाना राज्यात पीगन लोकांचा सूर्यनृत्याचा सोहळा कर्टिस यांनी पाहिला आणि आयुष्याचे काम त्यांना गवसले. मिसिसिपीच्या पश्चिमेकडील सर्व जमातींचे चेहरे, चालीरीती, कथा आणि गाणी नोंदवून ठेवायची, असा त्यांनी निश्चय केला.

१९०६ साली जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराने पाच वर्षांकरिता ७५,००० डॉलर देऊ केले. ही रक्कम प्रवासाच्या खर्चासाठी होती. कर्टिस यांनी स्वतः वेतन घेतले नाही. १९०७ साली ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यास राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची प्रस्तावना होती. पाच वर्षांत संपावयाचे काम १९३० साली विसाव्या खंडाने पुरे झाले. ऐंशीहून अधिक जमाती, सुमारे ४०,००० छायाचित्रे आणि मेणाच्या हजारो नळकांड्यांवर नोंदलेली गाणी व भाषा, एवढा हा पसारा. काचेच्या जड पट्ट्या सांभाळीत, घोड्यांवरून, गाड्यांतून व नावांतून त्यांनी ही भ्रमंती केली.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. ग्रंथसंच महाग असल्याने योजिलेल्या ५०० संचांपैकी पुष्कळसे विकलेच गेले नाहीत. १९१९ साली घटस्फोट होऊन स्टुडिओ पत्नीकडे गेला. १९२७ साली अलास्काचा अखेरचा प्रवास आटोपून परतताच पोटगीच्या थकबाकीपायी त्यांना अटक झाली. छायाचित्रांवरील हक्कही त्यांच्याकडे राहिला नाही. १९५२ साली लॉस एंजेलिस येथे ते निवर्तले, तेव्हा मोजक्या ओळींच्या मृत्युवार्तेत ‘छायाचित्रकारही होते’ एवढाच उल्लेख शेवटी आला.

परंतु गौरवाबरोबर दोषही सांगणे हे इतिहासाचे कर्तव्य होय. कर्टिस यांना जे दिसत होते त्यापेक्षा पूर्वी जे असेल ते टिपण्याची ओढ अधिक होती. एका पीगन झोपडीच्या चित्रात दोन माणसांच्या मध्ये ठेवलेले घड्याळ त्यांनी छपाईच्या वेळी पुसून टाकले. क्रो जमातीचे अलेक्झांडर अपशॉ हे त्यांचे दुभाषी. शिकलेले, कोटपाटलोण घालणारे गृहस्थ. चित्रात मात्र ते उघड्या छातीने, पिसांचा मुकुट घालून उभे आहेत. १९०४ साली धुक्यात दिसेनाशा होणाऱ्या नाव्हाहो घोडेस्वारांचे चित्र काढून त्यास त्यांनी ‘लोप पावणारा वंश’ असे नाव दिले. घोडेस्वारांची नावे मात्र त्याखाली नाहीत. माणूस समोर जिता उभा असताना त्यास भूतकाळात बसविणे, हाही एक अन्यायच नव्हे काय?

आणि तो वंश लोपला नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोकांना घेऊन कर्टिस यांनी १९१४ साली एक मूकपट तयार केला होता. त्यांच्या दानसोहळ्यांवर, पॉटलॅचवर, तेव्हा कायद्याने बंदी होती. ती १९५१ साली संपली. त्या पटाची एक जीर्ण प्रत सापडली होती. १९७२ साली त्याच लोकांनी तो पाहत आपल्या भाषेतील संवाद आणि गाणी त्यावर ध्वनिमुद्रित केली. २००८ साली पटाचे पुन्हा प्रदर्शन झाले, तेव्हा त्यात काम केलेल्यांचे वंशज रंगमंचावर आपली नृत्ये सादर करीत होते. कर्टिस यांनी मुका ठेवलेला चेहरा नातवंडांनी बोलता केला! २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत स्वतःस मूळ रहिवासी वा अंशतः त्या वंशाचे म्हणविणारे सुमारे ९७ लक्ष लोक नोंदले गेले.

या कथेतून आम्ही जे घेतले ते एवढेच. चित्र जपणाऱ्याचे ऋण मोठे खरे. परंतु संस्कृती काचेवर टिकत नाही, ती तिच्या लोकांच्या तोंडी टिकते. चित्र त्यांच्या हाती परत गेले, की त्याचे सार्थक होते. आपली भाषा आपल्या मुलखापासून दूर राखणाऱ्या आम्हांस हे निराळे सांगावयास नको. याच स्मरणिकेत पुढे ती निनावी छायाचित्रे छापली आहेत आणि प्रत्येकाखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. ज्यांना आपली आजी, आपले काका, आपले शेजारी ओळखू येतील, त्यांनी त्या ओळीवर नाव लिहावे व कार्यवाहांस कळवावे, ही नम्र विनंती.